दारातली भुतं आणि घरातले घारगे

न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास, मुलांची हॅलोविन पार्टी असलेल्या एखाद्या मराठी घराचा ओटा ३१ ऑक्टोबरच्या दुपारी बघण्यासारखा असतो. सोललेल्या संत्र्यांच्या डोक्यात सेलरीचा हिरवा तुकडा खोचून त्यांचे टीचभर भोपळे झालेले असतात. अर्धी कापलेली केळी उभी करून, त्यांना चॉकलेटच्या दाण्यांचे डोळे लावून भुतं केलेली असतात. सफरचंदाच्या दोन फोडींच्या मधे सूर्यफुलाच्या बिया दातांसारख्या बसवलेल्या असतात. शेंगदाणे टाळलेले, कारण वर्गातल्या एका मुलाला ते चालत नाहीत. भोपळा कोरताना निघालेल्या बिया मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये खरपूस भाजलेल्या. आणि कडेला, कागदावर तेल टिपायला ठेवलेले लाल भोपळ्याचे घारगे, चेटकिणीच्या टोपीसारखे त्रिकोणी कापलेले.

आता त्याच घराच्या पायरीवर यावं. तिथे एका मोठ्या वाडग्यात कंपनीच्या वेष्टनातली छोटी छोटी चॉकलेटं ओतून ठेवलेली असतात. घरात बोलावलेल्या दहा-पंधरा मुलांना साखरेपासून जपण्यासाठी दोन दिवस खपलेलं घर, दारात येणाऱ्या अनोळखी मुलांच्या पिशव्यांत मात्र मूठमूठ साखर टाकतं. याला ढोंग म्हणणं सोपं आहे, आणि चूकही. दारातल्या मुलाच्या पिशवीत घारगा टाकला तर तो घरी पोचताच केराच्या टोपलीत जाईल, हे त्या घराला पक्कं ठाऊक असतं. घरचं आणि पौष्टिक ते ओळखीच्यांना, बंद पाकिटातलं ते अनोळखींना, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही वावगं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

गंमत अशी की ज्या रात्री ही वाटणी होते, त्या रात्रीची खाऊ वाटण्याची जुनी रीत नेमकी उलटी होती. दारात आलेल्या परक्याला घरात भाजलेलं द्यायचं, आणि तेही आपल्या मेलेल्या माणसांच्या नावाने.

ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर, म्हणजे या रात्रीनंतर उजाडणारा दिवस, हा सर्व संतांचा दिवस. आठव्या शतकात पोप तिसऱ्या ग्रेगरीने रोममध्ये सर्व संतांच्या नावाने एक प्रार्थनास्थळ अर्पण केलं आणि नवव्या शतकात ही तारीख पश्चिम युरोपात रुळली. त्याला जोडून २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस आला. तो पाळण्याची प्रथा फ्रान्समधल्या क्लूनी मठाच्या ओडिलो या मठाधिपतीने, पहिलं सहस्रक संपता संपता, आपल्या मठांत सुरू केली. वसई-गोव्यातले कॅथलिक आजही त्या दिवशी दफनभूमीत जाऊन घरच्यांच्या थडग्यांवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात, ती हीच प्रथा. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये याच सुमाराला सुगी संपून हिवाळा लागण्याचा ‘साविन’ हा जुना सण होता, आणि त्या रात्री जिवंतांच्या आणि मृतांच्या जगातली भिंत पातळ होते अशी लोकांची समजूत होती. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या.

मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये या दिवसांत घरोघर छोट्या गोल भाकऱ्या किंवा केक भाजत. पुढे त्यात जायफळ, दालचिनी, मनुका आल्या. वर सुरीने क्रूसाची खूण. गरीब माणसं आणि मुलं दारोदार जात, केक घेत आणि त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना म्हणत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस श्रॉपशरमधल्या जॉन मर्क या धर्मोपदेशकाने लिहून ठेवलं आहे की पूर्वीची भली माणसं या दिवशी भाकरी विकत घेऊन वाटत, आणि प्रत्येक भाकरीगणिक एक जीव शुद्धिलोकातून, म्हणजे मृतात्मे पापं फेडतात त्या जागेतून, सुटेल अशी आशा बाळगत. शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेत तर प्रेमात पडलेल्या तरुणाच्या रडक्या सुराची तुलना सर्व संतांच्या दिवशी दारात विनवणाऱ्या भिकाऱ्याशी केली आहे. म्हणजे हे दृश्य प्रेक्षकांच्या चांगल्या ओळखीचं होतं.

या देवघेवीत कुणीच फुकट घेत नव्हतं. केक घेणारा प्रार्थना देत होता, आणि त्या काळच्या श्रद्धेनुसार गरिबाच्या प्रार्थनेचं वजन मोठं होतं. देणाऱ्याला त्याची गरज होती.

पुढच्या काळातल्या आयर्लंडमध्ये हॅलोविनच्या रात्रीच्या जेवणात तर आजच्या आहारतज्ज्ञाने नाक मुरडावं असं फारसं काही नव्हतं. कुस्करलेल्या बटाट्यात केल किंवा कोबी घातलेलं कोलकॅनन, सफरचंदं, अक्रोड-हेझलनट. बार्मब्रॅक नावाच्या मनुकांच्या पावात अंगठी, नाणं, चिंधी, काडी, वाटाणा अशा वस्तू दडवलेल्या असत. ज्याच्या तुकड्यात अंगठी त्याचं लग्न, नाणं त्याला पैसा, चिंधी त्याला दारिद्र्य. भोंडल्याची खिरापत ओळखताना डबा कानाशी धरून हलवणाऱ्या मुलींना हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही. पौष्टिक हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. शेतात जे निघालं होतं ते ताटात होतं, इतकंच.

मृतांच्या नावाने देण्यावर वाद आला, आणि तोही याच तारखेला. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथरने पापमुक्तीच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध आपले ९५ मुद्दे मांडले. पैसे भरून मेलेल्याचा जीव यातनांतून सोडवता येतो का, हा त्यातला एक कळीचा प्रश्न होता. इंग्लंडमध्ये १५२९ च्या सुमारास सायमन फिश याने भिकाऱ्यांच्या तोंडी घालून एक पत्रक लिहिलं. त्याचा रोख असा की मृतांच्या नावाने धर्मगुरू जे पैसे उकळतात त्यामुळे जिवंत भिकारी उपाशी मरतात. कॅथलिक बाजूने थॉमस मोरने त्याच वर्षी उत्तर दिलं, ते चक्क मृतात्म्यांच्या तोंडी घालून. आम्हाला विसरू नका, असं ते मृतात्मे आपल्या पोराबाळांना विनवतात. एका बाजूला भिकारी, दुसऱ्या बाजूला मेलेले. दोघांनीही हात पसरलेले, आणि घरातली भाकरी एकच. १५४७ मध्ये सहाव्या एडवर्डच्या राज्यात मृतांसाठी प्रार्थना म्हणण्याकरता ठेवलेल्या देणग्याच सरकारजमा झाल्या, आणि प्रार्थनेचा सरकारी आधार संपला.

हा प्रश्न आपल्याकडे फार आधी विचारला गेला होता. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकांचा युक्तिवाद दिला आहे. इथे श्राद्धात वाढलेलं स्वर्गातल्याला पोचत असेल, तर खाली वाढलेलं माडीवर बसलेल्याला का पोचत नाही? घरी पान वाढून प्रवासाला गेलेल्याचं पोट भरता येत असेल, तर शिदोरी कशाला बांधायची? चार्वाक आणि ल्यूथर यांचं एकमेकांशी एरवी एका वाक्यापुरतंही जमलं नसतं. इथे मात्र दोघे एकाच उंबरठ्यावर उभे आहेत: मेलेल्याच्या नावाने दिलेलं अन्न मेलेल्यापर्यंत जात नाही.

बरं, नाही जात. मग ते देण्याला अर्थ काय उरतो? इंग्लंडमधल्या खेड्यांनी या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. त्यांनी केक भाजणं चालू ठेवलं. प्रार्थना गेली, केक मागण्याचं गाणं राहिलं. मोठे भिकारी मागे पडले, मुलं पुढे आली. चेशर आणि श्रॉपशरमध्ये ही रीत एकोणिसाव्या शतकातही जिवंत होती.

मुलंच का? याचं सगळ्यात चटका लावणारं उत्तर क्लोद लेव्ही-स्ट्रॉस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने दिलं आहे. १९५१ च्या नाताळाच्या तोंडावर दिजों शहरातल्या धर्मगुरूंच्या संमतीने सांताक्लॉजचा पुतळा चर्चच्या आवारात जाळण्यात आला, कारण त्यांच्या मते हा म्हातारा ख्रिस्ती सणात घुसलेला परधर्मी होता. या घटनेवर १९५२ मध्ये लिहिलेल्या निबंधात लेव्ही-स्ट्रॉस नाताळावरून हॅलोविनवर येतो. त्याचं म्हणणं असं: समाजात अजून पुरती न आलेली माणसं म्हणजे मुलं, आणि समाजातून निघून गेलेली माणसं म्हणजे मृत. दोघंही बाहेरचे. म्हणून शरद ऋतूत मुलं मृतांचा वेश घेऊन दारात येतात आणि आपला वाटा मागतात. त्यांना खाऊ देणं म्हणजे मृतांना त्यांचं देणं देऊन शांत करणं, आणि हिवाळ्यापुरतं परत पाठवणं.

हे पटो न पटो, पण एक गोष्ट त्यातून साफ होते. चादर पांघरून आलेलं पोर दारात ‘कृपा करा’ म्हणत नाही. ते धमकी देतं: खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू. मागण्याचा हा हक्क त्याला मूल म्हणून मिळालेला नाही, भूत म्हणून मिळालेला आहे.

आयरिश आणि स्कॉटिश लोकांबरोबर, विशेषतः १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात देशोधडीला लागलेल्या लाखो आयरिशांबरोबर, ही रात्र अमेरिकेत रुजली. तिकडे सलगम कोरून त्यात निखारा ठेवत. इकडे कोरायला सोपा, मोठा आणि स्वस्त भोपळा मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोड्यांचा कहर झाला. फाटकं उचकटून नेणं, गाड्या उलथवणं, रस्त्यात अडथळे घालणं. मिनेसोटातल्या अनोका गावाने १९२० मध्ये पोरांना गुंतवायला हॅलोविनची मिरवणूक काढली. मंदीच्या वर्षांत शहराशहरांतून नागरी मंडळं आणि पालक मुलांसाठी पार्ट्या करू लागले. म्हणजे मुलांची हॅलोविन पार्टी हा मूळचा बंदोबस्ताचा प्रकार आहे. पोरांचं तोंड डोनट, सफरचंद आणि सफरचंदाच्या रसाने भरलं की हात रिकामे राहत नाहीत, हा त्यामागचा हिशेब. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरही, १९४२ ते १९४७, साखरेचं रेशनिंग होतं. ते उठल्यावर दारोदार खाऊ मागण्याची चाल साऱ्या देशात पसरली.

आणि तेव्हाचा खाऊ घरचाच असे. काकवीत वळलेले मक्याच्या लाह्यांचे लाडू, बिस्किटं, सफरचंद, मूठभर अक्रोड, एखादं नाणं. कुठल्या आजींचे लाडू कडक आणि कुठल्यांचे मऊ, हे गल्लीतल्या पोरांना पाठ असे.

मग सफरचंदात दाढीचं पातं निघाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. १९६८ मध्ये न्यू जर्सी राज्याने अशा घातपाती सफरचंदांसाठी तुरुंगवासाची शिक्षा ठरवली. १९७४ च्या हॅलोविनला टेक्सासमधल्या डिअर पार्क इथे आठ वर्षांचा एक मुलगा सायनाइड घातलेली गोड भुकटी खाऊन मेला. १९८२ च्या शरदात शिकागोच्या परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या विषारी कॅप्सूलनी सात जणांचा जीव घेतला, आणि महिन्याभरात आलेल्या हॅलोविनला देशभर पालकांनी पिशव्या उलट्या करून एकेक गोळी तपासली. हाताने बनवलेलं सगळं बाद झालं. रुग्णालयं मुलांच्या पिशव्यांचे एक्स-रे काढून देऊ लागली.

जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या अशा बातम्या गोळा करून तपासल्या. १९८५ मध्ये त्याने एका सहकाऱ्याबरोबर पहिला निबंध लिहिला आणि पुढेही तो नोंदी ठेवत राहिला. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याचं एकही सिद्ध प्रकरण त्याला सापडलं नाही. सफरचंदातली पाती बहुतेक वेळा पोरांनी किंवा घरच्यांनीच घातलेली निघाली. आणि डिअर पार्कच्या मुलाला विष देणारा त्याचा बाप होता, विम्याच्या पैशांसाठी. बातमी त्याने रचली ती मात्र परक्याच्या दाराची.

कुणाच्या हातचं खावं आणि कुणाच्या नाही, या प्रश्नावर शतकानुशतकं संसार उभारलेल्या समाजाला या गोष्टीची गंमत वाटायला हवी, आणि थोडी लाजही. ज्या समाजात जोतिराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला ही इतिहासात नोंद घ्यावी लागते, तिथून आलेल्या माणसांना अमेरिकेत एक नवं सोवळं भेटतं: वेष्टन. कारखान्यातल्या ज्या हातांनी ते चॉकलेट हाताळलं ते आपण कधी पाहिलेले नाहीत, तरी ते शुद्ध. समोरच्या घरातल्या ज्या बाई रोज सकाळी हात हलवून हसतात, त्यांच्या हातची कुकी अशुद्ध. जुन्या सोवळ्यात निदान कुणाचं भय आहे हे सांगता यायचं.

विषाचं भय ओसरलं तशी साखर आली. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये सांगितलं की २ ते १८ वर्षांच्या मुलांनी दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण सहा छोटे चमचे, वरून घातलेली साखर खावी. पिशवीतली तीन-चार चॉकलेटं खाल्ली की हा हिशेब संपतो. तेव्हा घरी पार्टी करून संत्र्यांचे भोपळे आणि केळ्यांची भुतं मांडणाऱ्या आई-बापांकडे सबळ कारण आहे, आणि त्यांची चेष्टा करण्यात काही शहाणपणा नाही. मुलं नाराज होतील ही भीतीही फारशी खरी नाही. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी कनेक्टिकटमध्ये हॅलोविनच्या रात्री २८४ मुलांसमोर एका ताटात गोळ्या-चॉकलेटं आणि दुसऱ्यात छोटी खेळणी धरली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार जवळजवळ निम्म्या मुलांनी खेळणी उचलली.

घारग्यांबद्दल मात्र जरा खरं बोललेलं बरं. कोरण्यासाठी विकला जाणारा मोठा भोपळा आतून पाणचट आणि बेचव असतो. त्याचा कीस शिजवला तर पाणी आटता आटत नाही, आणि मग कणीक जास्त पडून घारगे वातड होतात. लागतो तो लहान, घट्ट गराचा, ‘पम्पकिन पाय’ करण्यासाठी विकतात तो. कीस वाफवून त्यात गरम असतानाच गूळ विरघळवायचा, मावेल तेवढीच कणीक, चमचाभर तांदळाची पिठी, वेलची, जायफळ, तेलाचं मोहन. थापून तळायचे. एवढं करून ‘साखर नाही हं, गूळ आहे’ असं पाहुण्यांना सांगणाऱ्या यजमानांना कुणीतरी प्रेमाने आठवण करून द्यावी की शरीराच्या खात्यात गूळ साखरेच्याच रकान्यात जमा होतो, आणि तळण तळणच असतं. हा लाल भोपळा पितृपक्षातल्या स्वयंपाकातही असतो. मेलेल्यांच्या रात्री तो एडिसनमध्ये कढईत पडतो, हा योगायोग जुळवून आणलेला नाही.

भगवद्गीतेचा सतरावा अध्याय या बाबतीत फार कामाचा आहे, कारण त्यात आहार आणि दान हे दोन्ही विषय एकाच तराजूने तोललेले आहेत. आधी आहाराचे तीन प्रकार: सात्त्विक, राजस, तामस. सात्त्विक आहार आयुष्य, बळ, आरोग्य वाढवणारा, रसाळ आणि स्निग्ध. गोडाविरुद्ध त्यात अवाक्षर नाही. उलट राजस आहाराच्या यादीत फार तिखट, फार खारट यांच्याबरोबर रूक्षही आहे, तेव्हा ओव्हनमध्ये कडकडीत वाळवलेल्या केलच्या पापड्यांनी गीतेचा आधार शोधू नये. त्याच अध्यायात पुढे दानाचे तीन प्रकार येतात. सात्त्विक दान ते, जे द्यायलाच हवं म्हणून दिलं जातं, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला, आणि ज्याच्याकडून परतफेड व्हायची नाही अशाला. परत काही मिळेल या अपेक्षेने किंवा मन खट्टू करून दिलेलं ते राजस.

आता ओटा आणि पायरी पुन्हा या तराजूत घालून पाहावं. ओट्यावरचा खाऊ आहार म्हणून सात्त्विक ठरायला हरकत नाही. पण तो ज्यांना मिळतो त्यांची यादी कशी होते? वर्गातली मुलं, शेजारची दोन, मंडळातल्या मैत्रिणींची. ज्यांच्या वाढदिवसांना आपली मुलं जातात त्यांची. परतफेड ठरलेली आहे. पुढच्या वर्षी पार्टी त्यांच्याकडे. दान म्हणून हे राजस झालं. पायरीवरच्या वाडग्यात अगदी उलटा प्रकार. तिथे येणारं पोर कुठल्या गल्लीतलं, कुणाचं, मुखवट्याआड काळं की गोरं, हे बघितलं जात नाही आणि त्याच्याकडून काही परत येणार नाही. दानाच्या कसोटीवर ते सात्त्विकाच्या जवळ जातं, पण जे दिलं जातं ते स्वतःच्या मुलाला खाऊ द्यायला आपण तयार नसतो. एक हात अन्न शुद्ध ठेवतो आणि माणूस निवडून घेतो. दुसरा हात माणूस निवडत नाही, पण त्याला अन्न कुठलं द्यायचं ते ठरवतो.

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवलं आहे की देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं एकत्र चालतात आणि निव्वळ फुकटचं दान असं सहसा नसतंच. दिवाळीच्या फराळाचं ताट शेजारून रिकामं परत येत नाही, हे मॉस न वाचलेल्यालाही माहीत आहे. त्यामुळे ओळखीच्यांना बोलावणं हे पाप आहे असं कुणी म्हणू नये. समाज त्यावरच चालतो. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली, तेव्हा अमेरिकेतल्या मराठी घरांत चकल्या आणि चॉकलेटं एकाच टेबलावर होती. चकल्या ओळखीच्या घरी गेल्या, चॉकलेटं पायरीवर.

या पेचावर एक जुनी गोष्ट नेमकी बेतल्यासारखी आहे, आणि ती पैठणची आहे. महिपतींनी सांगितलेल्या चरित्रात, एकनाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक चालू असताना रस्त्याने जाणाऱ्या महार कुटुंबाला पक्वान्नांचा वास येतो. असं अन्न आपल्याला कुठलं मिळायला, असं त्यांचं बोलणं एकनाथ ऐकतात आणि ब्राह्मणांसाठी रांधलेलं सगळं त्यांना वाढतात. नवा स्वयंपाक केला तरी निमंत्रित ब्राह्मण जेवायला येत नाहीत. शेवटी पितर स्वतः पानावर येऊन बसतात. चार्वाकाच्या प्रश्नाला कथेने दिलेलं हे उत्तर आहे: पोचतं, पण वाट निमंत्रितांच्या पंगतीतून जात नाही. एकनाथांनी त्या कुटुंबासाठी वेगळं, साधं, त्यांच्यापुरतं काही रांधलं नव्हतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. जे आत होतं तेच बाहेर गेलं.

अमेरिकेतल्या आई-बापांना एकनाथ व्हा असं सांगणं सोपं आणि निरुपयोगी आहे. घारगा केराच्या टोपलीत जाणारच असेल, तर त्यात पितर नाहीत, फक्त वाया गेलेला गूळ आहे. घेणाऱ्याचा विश्वास नसेल तर देणाऱ्याचं पुण्य एकट्याने पुरं होत नाही. शिवाय भय सगळंच खोटं नाही. शेंगदाण्याने श्वास कोंडणाऱ्या मुलाच्या आईला पाकिटावरची घटकद्रव्यांची यादी हाच आधार असतो, आणि घारग्यावर ती छापलेली नसते.

पण परक्या मुलाची काळजी त्याला न ओळखताही करता येते, याचे दाखले याच सणात आहेत. १९५० मध्ये फिलाडेल्फियातल्या एका कुटुंबाने मुलांच्या हाती दुधाचे रिकामे खोके देऊन खाऊऐवजी नाणी मागायला लावली. जमलेले १७ डॉलर त्यांनी युनिसेफला, युद्धाने पोळलेल्या मुलांसाठी पाठवले. त्याची पुढे देशव्यापी मोहीम झाली. म्हणजे भुताचा वेश घेतलेलं मूल पुन्हा, चारशे वर्षांनी, स्वतःसाठी नव्हे तर न दिसणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी मागू लागलं. २०१४ पासून अन्नाच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने निळसर हिरवा भोपळा दारात ठेवण्याची चाल देशभर नेली. तो दिसला की समजायचं, इथे खाण्याच्या वाडग्याशेजारी पेन्सिली, स्टिकर, चेंडू असं काहीतरी न खाण्याजोगंही आहे. ज्या मुलाचं नावगाव माहीत नाही, जे कदाचित येणारही नाही, त्याच्यासाठी केलेली ही सोय आहे.

घारग्यापुरता मार्ग काही घरांनी आपल्या परीने काढला आहे, आणि तो मुलांच्या उंचीचा नाही. लहान मुलांबरोबर त्यांचे आई-बाप रस्त्यावर चालत असतात, थंडीत हात चोळत, फाटकाशी थांबून. करोनाच्या साथीत अनेकांनी वाडगा दारातून उचलून अंगणातल्या टेबलावर नेला, तो काही ठिकाणी तिथेच राहिला. अशा टेबलावर मुलांसाठी पाकिटं आणि मोठ्यांसाठी थर्मासमधला आल्याचा चहा व झाकलेला घारग्यांचा डबा ठेवला, तर गोष्ट बदलते. समोर करणारी बाई उभी असते, शेंगदाणा आहे का हे तिला विचारता येतं, आत काय घातलं ते ती सांगते. कुणी ‘नको, थँक यू’ म्हणतं आणि पुढे जातं. कुणी अर्धा तोडून आधी स्वतः खातं, आणि उरलेला अर्धा मुखवटा वर सरकवून उभ्या असलेल्या पोराच्या हातात देतं. पोर बहुधा आधी वास घेऊन बघतं.